एका माणसाची खुर्ची

अमेरिकेत व्हरमाँटमधल्या मॅड रिव्हर ग्लेन या स्की रिसॉर्टची चेअरलिफ्ट (स्कीअर्सना डोंगरावर नेणाऱ्या, तारेला टांगलेल्या खुर्च्या) १९४८ची, आणि एका खुर्चीवर एकच माणूस! बाकी रिसॉर्ट्स जुन्या लिफ्ट काढून चार-सहा जणांच्या फास्ट लिफ्ट बसवत सुटलेत, पण इथं १९९५पासून स्कीअर्सची स्वतःचीच को-ऑपरेटिव्ह आहे, त्यामुळे लिफ्ट पार थकली तेव्हा दोन सीटवाली घ्यायची का हे मेंबर्सनीच ठरवलं आणि २००७मध्ये तीच सिंगल चेअर नव्यानं उभी केली, पाये नवे, मशिनरी नवी. मला हे फार म्हणजे फारच आवडलं. वर माणसं कमी पोचतात, म्हणून उतारावर गर्दी होत नाही ना! सन व्हॅली या दुसऱ्या अमेरिकन स्की रिसॉर्टची १९३९ची सिंगल चेअर तर अलास्कात कॉर्डोव्हाला नेऊन बसवलीये, तीही अजून आहे.