बीसीएल-६ रंगवताना

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या गाइड मॅडमनी सांगितलेलं काम ऐकायला एका वाक्याचं होतं: प्रतिजन टोचलेल्या उंदराच्या प्लीहेत कोणत्या टी पेशींमध्ये बीसीएल-६ वाढतो, ते दाखव. "पंधरा दिवसांत होईल," असं मीच बोलून बसले. लागले चार महिने.

बीसीएल-६ हा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर. डीएनएवर ठरावीक जागी बसतो आणि बहुतेक वेळा तिथली जनुकं दाबून टाकतो. बी पेशींच्या लिम्फोमात, म्हणजे कर्करोगात, सापडला म्हणून नाव तसं पडलं, पण निरोगी शरीरातही त्याच्यावाचून अडतं. टी-बेट, गाटा-३, आरओआर-गॅमा-टी, फॉक्सपी-३ अशा मदतनीस आणि नियामक टी पेशींच्या एकेका घराण्याच्या किल्ल्या, म्हणजे ते घडवणारे असेच फॅक्टर, आधीच हाती लागल्या होत्या. फॉलिक्युलर हेल्पर, म्हणजे आमच्या बोलण्यातली टीएफएच, हिची किल्ली बीसीएल-६ आहे हे कळायला २००९ उजाडलं. त्याच वर्षी हेही दिसलं की ब्लिम्प-१ हा दुसरा फॅक्टर आणि बीसीएल-६ यांचं हाडवैर आहे. एक वर आला की दुसऱ्याला खाली दाबतो. बीसीएल-६ जिंकला तर टी पेशी सीएक्ससीआर-५ हे वाट दाखवणारं प्रथिन अंगावर मिरवत बी पेशींच्या वस्तीत शिरते, जर्मिनल सेंटर या बी पेशींच्या तालमीत त्यांना आयएल-२१ हा संदेश पुरवते आणि घट्ट पकडणाऱ्या अँटिबॉडी तिथून बाहेर पडतात.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. पेशी रंगवणं, म्हणजे हव्या त्या प्रथिनाला रंग जोडलेली अँटिबॉडी चिकटवून फ्लो सायटोमीटर या यंत्रात एकेका पेशीचा उजेड मोजणं, तेवढं येत नव्हतं.

पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन रंगवायला फारसं काही लागत नाही, अँटिबॉडी घातली की झालं. बीसीएल-६ बसलेला केंद्रकात. पेशी आधी फिक्स करायची, म्हणजे रसायनाने आहे तशी थिजवायची, मग तिला भोकं पाडायची, तीही आतल्या अँटिबॉडीला केंद्रकापर्यंत वाट मिळेल इतकी. मी सुरुवातीला आम्ही सायटोकाइनसाठी, म्हणजे पेशीत केंद्रकाबाहेर असणाऱ्या संदेश-प्रथिनांसाठी, वापरतो तोच सौम्य सॅपोनिनचा बफर वापरला. तीन आठवडे आलेख कोरा. सीनियरने विचारलं, "फॉक्सपी-३चा किट आहे की फ्रिजमध्ये, तो का नाही घेत?" फॉक्सपी-३ही केंद्रकातलाच, तेव्हा याला उत्तर नव्हतं.

किट घेतला तर पेशीच गायब. फिक्स केल्यावर नळीच्या तळाशी बसलेला पेशींचा गोळा जवळपास पारदर्शक होतो आणि सैलही. मी सवयीने नळी उपडी करून झटकत होते आणि अर्धा उंदीर सिंकमध्ये जात होता. मग सेंट्रिफ्यूजचा वेग वाढवला आणि झटकणं सोडून पिपेटने वरचं पाणी काढायला लागले. शिवाय फिक्स केलेल्या पेशी आक्रसतात, त्यामुळे जुने गेट, म्हणजे आलेखावर हव्या त्या पेशी निवडायच्या चौकटी, चुकीच्या जागी पडतात, हेही चार वेळा चुकल्यावर कळलं.

आणि मग एका संध्याकाळी तो आलेख आला. पीडी-१, म्हणजे टीएफएचच्या पृष्ठभागावर भरपूर असणारं प्रथिन, जितका जास्त, तितका बीसीएल-६ जास्त. रेघ ओढावी तशा सरळ तिरप्या पेशी. मी प्रिंट काढून मॅडमच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी बराच वेळ पाहिला. म्हणाल्या, "याच नळीतल्या बी पेशी दाखव."

जर्मिनल सेंटरच्या बी पेशींमध्ये बीसीएल-६ टीएफएचपेक्षा बराच जास्त असतो. एकाच नळीत दोन्ही असतात, म्हणून तो फुकटचा कंट्रोल. माझ्या आलेखात त्या बी पेशी टी पेशींच्या मानाने फिकट होत्या.

"एफएमओ?"

एफएमओ म्हणजे बाकी सगळे रंग घातलेली, पण बीसीएल-६ची अँटिबॉडी मुद्दाम न घातलेली नळी. पेशी वाचवायच्या म्हणून मी ती केलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी उरलेल्या प्लीहेवर केली. तीच सरळ तिरपी रेघ! बीसीएल-६ची अँटिबॉडी नळीत नव्हती आणि सिग्नल मात्र होता.

चोर होता पीई-साय-७. हा जोडरंग आहे. पीई लेसरचा प्रकाश घेतो आणि ऊर्जा साय-७ला देतो, उजळतो तो साय-७. प्रकाशाने किंवा फिक्सेटिव्हने ही जोडी बिघडली की पीई स्वतःच उजळायला लागतो. माझा पीडी-१ पीई-साय-७मध्ये होता, बीसीएल-६ साध्या पीईमध्ये, आणि घाईच्या दिवशी मी नळ्या रात्रभर फिक्सेटिव्हमध्ये ठेवल्या होत्या. म्हणजे मी पीडी-१ विरुद्ध पीडी-१ असा आलेख काढला होता. अर्थातच रेघ सरळ येणार.

पुढचा महिना रंगांची वाटणी नव्याने करण्यात गेला. पीडी-१ जोडरंगातून काढून ब्रिलियंट व्हायोलेट ४२१मध्ये नेला, बीसीएल-६ अलेक्सा ६४७मध्ये. सीएक्ससीआर-५ हट्टी, त्याला बायोटिन आणि मग स्ट्रेप्टाव्हिडिन असं दोन टप्प्यांत मनवावं लागलं. ज्यांच्या टी पेशींतून बीसीएल-६चं जनुक काढलेलं आहे असे दोन उंदीर मॅडमनी मिळवून दिले. खरं शून्य कसं दिसतं ते त्यांच्यामुळे समजलं.

नवा आलेख अगदी साधा, जितकं उजवीकडे तितका बीसीएल-६ जास्त. नवख्या टी पेशींची टेकडी डावीकडे, टीएफएचची तिच्यावर अर्धी चढलेली, जराशी उजवीकडे, आणि बी पेशींची आणखी पलीकडे. एफएमओ पूर्ण डावीकडे. मला वाईट वाटलं, एवढाच फरक? मॅडम म्हणाल्या, "दाबणारं प्रथिन आहे, त्याला ढीगभर कशाला लागतंय?"

त्याच बॅचच्या उरलेल्या उंदरांचं २८व्या दिवशी रक्त घेऊन एलायझा, म्हणजे प्लेटवर अँटिबॉडी मोजायचा प्रयोग, केला. प्रतिजन होतं एनपी नावाचा छोटा रेणू चिकटवलेलं प्रथिन. प्लेटवर एनपी विरळ असला तर फक्त घट्ट पकडणारी अँटिबॉडी टिकते. आम्ल घातल्यावर साध्या उंदरांच्या खाचा गडद पिवळ्या झाल्या. बीसीएल-६ नसलेल्यांचा रंग दाट एनपीच्या प्लेटवरही उतरलेला होता, आणि विरळ एनपीच्या प्लेटवर त्यांची ओळ जवळजवळ पाण्यासारखी. या वेळी प्रिंट ठेवण्याआधी मी ब्लँकच्या, म्हणजे रक्त न घातलेल्या, खाचा दोनदा तपासल्या.