तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या लहान मुलांना घेऊन जंगलात राहायचं?

मंडळाच्या कार्यक्रमात, बागेत, शाळेच्या फाटकापाशी, प्रश्न एकच असतो. "पोरं एवढीशी आणि तुम्ही त्यांना तंबूत झोपवता? जरा मोठी होऊ द्यायची की!" विचारणारे बहुतेक इथे, कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियात, नव्याने आलेले आईबाबा, नाहीतर उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा. उभ्याउभ्या उत्तर देऊन समाधान होत नाही, म्हणून जरा बैजवार लिहिते.

मुलांचं वय वाढायची वाट बघत बसण्यापेक्षा चालायचं अंतर कमी करा, एवढंच माझं म्हणणं आहे. सहा वर्षांच्या थोरल्याला आणि तीन वर्षांच्या धाकटीला कुठल्याही टोकाला पोचायचं नसतं. आडवा पडलेला ओंडका, ओहोळ, पिवळीधमक बनाना स्लग (बिनशंखाची गोगलगाय) एवढ्यात त्यांची सकाळ जाते. आपण मात्र नकाशावरचा धबधबा मनात धरून निघतो आणि दर दोन मिनिटांनी "चल, चल" करत राहतो. मग मुलं रडकुंडीला येतात आणि आपण म्हणतो, अजून लहान आहेत. तासाभरात पाव मैल झाला तरी तो पुरे समजायचा. परतायचं कधी हे मुलं दमण्याआधी ठरवायचं, कारण दमलेलं मूल खांद्यावर घेऊन चढ चढणं सोपं नसतं.

पहिलीच वेळ असेल तर सांताक्रूझजवळच्या फेल्टनचं हेन्री कॉवेल रेडवुड्स स्टेट पार्क गाठा. तिथल्या रेडवुड ग्रोव्हची, म्हणजे उंचच उंच रेडवुड झाडांच्या राईची, फेरी ०.८ मैलाची, सपाट, स्ट्रोलर सहज जाईल अशी. सगळ्यांत उंच झाड २७७ फुटांच्या आसपास आहे, पण मुलांना उंचीचं फारसं काही नसतं. त्यांना फ्रीमाँट या जुन्या शोधप्रवाशाच्या नावाने ओळखलं जाणारं झाड आवडतं, कारण त्याचा बुंधा आतून पोकळ आहे आणि वाकून आत शिरता येतं. आमची धाकटी तिथून बाहेर यायलाच तयार नसते.

रात्री राहायला मात्र मला ला होंडाजवळचं पोर्टोला रेडवुड्स जास्त आवडतं. डोंगरमाथ्यावरच्या स्कायलाइन रस्त्यावरून खाली उतरणारा रस्ता भयंकर वळणावळणाचा आहे. ज्याला गाडी लागते त्याला निघताना पोटभर जेवू घालू नका. खाली फोनला रेंज नसते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या आणि घरी कोणालातरी परतायची वेळ सांगून ठेवा.

त्या सावलीत जमीनभर रेडवुड सॉरेल पसरलेली असते. आपल्या आंबुटीच्याच कुळातली, तशीच बदामाच्या आकाराची तीन-तीन पानं, फक्त आकाराने चांगली मोठी. उंच फांद्यांमधून उन्हाचा कवडसा नेमका तिच्यावर पडला की काही मिनिटांत पानं छत्रीसारखी खाली मिटतात. सावली परत आली की सावकाश उघडतात. मी हे वाचलं होतं, पण थोरल्याने टोपी धरून सावली केली आणि पान उघडेपर्यंत तो तिथेच उकिडवा बसून राहिला, तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. लहानपणी आम्ही आंबुटी खुडून खायचो. इथे स्टेट पार्कात काही खुडायची परवानगी नाही, हे मुलांना निघण्याआधीच सांगावं.

पॉयझन ओकलाही तीनच पानं असतात, आणि त्याच्या तेलाने अंगावर खाजरे फोड येतात. म्हणून "तीन पानं दिसली की हात मागे" हा नियम आम्ही सरसकट ठेवला आहे. फरक मुलं हळूहळू शिकतात: सॉरेल जमिनीलगत आणि मऊ, पॉयझन ओकचं झुडूप किंवा वेल, पानं बऱ्याचदा तुकतुकीत आणि पुढे लालसर. पायभर कपडे घालायचे, वाटेच्या मधोमध चालायचं आणि संध्याकाळी गुडघ्यांमागे, कानांमागे, केसांत गोचीड बघायची. एवढं केलं की मी निर्धास्त असते.

आता खाण्याचं. इथे आपण मराठी माणसांनी खास लक्ष द्यायला हवं असं मला मनापासून वाटतं. सांताक्रूझ पर्वतातल्या या पार्कांमध्ये अन्नाचा कणही खाली पडू देऊ नका असं सांगतात, आणि ते काही नुसत्या स्वच्छतेसाठी नाही. मार्बल्ड मरलेट नावाचा साधारण साळुंकीएवढा समुद्रपक्षी आहे. जन्मभर समुद्रावर राहतो, पण अंडं घालायला आत जंगलात येतो. घरटं बांधत नाही, जुन्या झाडाच्या रुंद, शेवाळलेल्या फांदीवर एकच अंडं ठेवतो. तो अंडी घालतो तरी कुठे हे कितीतरी वर्षं शास्त्रज्ञांना सापडत नव्हतं. १९७४ मध्ये जवळच्याच बिग बेसिनमध्ये फांद्या तोडायला झाडावर चढलेल्या एका माणसाला उंचावर त्याचं पिल्लू दिसलं. आपण टाकलेल्या कणांवर स्टेलर्स जे नावाचे निळे पक्षी आणि डोमकावळे पोसतात, त्यांची संख्या वाढते आणि मग ते वर जाऊन ते एकुलतं एक अंडं फस्त करतात.

आणि आपला खाऊ कुठला, तर चिवडा, शेव, कुरमुरे! मूठभर चिवडा मुलांच्या हातात दिला की अर्धा जमिनीवर. म्हणून आमच्याकडे चिवड्याचा डबा घरीच राहतो. सोबत दशम्या, दाण्याचे लाडू, केळी असतात. रात्री मुगाची खिचडी आणि सकाळी भाजणीची थालीपिठं. ताटली मांडीवर घेऊन बसायचं, फिरत खायचं नाही. जेवण झालं की धाकटी हेडलँप लावून टेबलाखाली शिरते आणि भाताची शितं वेचते. ते तिचं काम आहे, दुसऱ्या कोणी केलेलं तिला चालत नाही. पक्ष्याचं अंडं वाचवायचं म्हणजे काय हे तीन वर्षांच्या मुलीला अगदी व्यवस्थित कळतं.

उरलेलं सगळं फूड लॉकरमध्ये, म्हणजे तिथल्या अन्न ठेवायच्या बंद कपाटात, जातं, टूथपेस्टसुद्धा. रॅकून रात्री येतातच.

आज्यांचा प्रश्न थंडीचा असतो आणि तो रास्त आहे. भर जुलैतही रात्री गारठा पडतो. पण गारठा वरून लागतो त्याहून जास्त खालच्या जमिनीतून लागतो, म्हणून पांघरुणं वाढवण्याआधी अंगाखाली चांगली जाड मॅट घ्या. कोरडे लोकरी मोजे फक्त झोपण्यासाठी वेगळे ठेवा. पहिल्या रात्री कोणालाच सलग झोप लागत नाही, तेव्हा एकच रात्र राहून मत बनवू नका. दुसऱ्या रात्री मुलं अंधार पडता पडता झोपतात. आज्यांचा दुसरा प्रश्न संडासाचा. दोन्ही पार्कांत फ्लशचे संडास आहेत, त्यामुळे त्यांनीही खुशाल यावं. आमच्या सासूबाई येतात. शेकोटीपाशी बसून त्या गोष्ट सांगतात तेव्हा पोरं त्यांना हलू देत नाहीत.

वणव्याची भीतीही बरेच जण बोलून दाखवतात. ती खोटी नाही. बिग बेसिन हे १९०२ साली झालेलं कॅलिफोर्नियाचं सगळ्यांत जुनं स्टेट पार्क. ऑगस्ट २०२० मध्ये विजा पडून लागलेल्या आगीत त्याचा जवळजवळ सगळा भाग जळाला. तिथे मुलांना एक दिवस जरूर न्या. बुंधे काळे ठिक्कर आहेत, पण रेडवुडची साल जाड असते आणि तिच्याखाली कळ्या दडून असतात, त्यातून खोडाला वरपर्यंत हिरवे धुमारे फुटले आहेत. राहायला जाताना मात्र आम्ही मे-जूनच निवडतो, उन्हाळ्याच्या शेवटी गवत वाळलेलं असताना नाही. शेकोटीला बंदी असली तर मुकाट्याने पाळावी, आणि लाकूड घरून न आणता तिथेच विकत घ्यावं, कारण लाकडाबरोबर झाडांचे रोगही येतात.

खर्चाचं म्हणाल, तर दिवसाच्या पार्किंगचा पास गावातल्या ग्रंथालयातून पुस्तकासारखा फुकट आणता येतो. राहण्याच्या जागेचं बुकिंग सहा महिने आधी, सकाळी आठला उघडतं. शनिवार भराभर जातात, म्हणून आम्ही रविवार ते मंगळवार घेतो आणि शाळेला एक-दोन दिवस दांडी मारतो. मे महिन्याची जागा हवी असेल तर ते बुकिंग नोव्हेंबरमध्ये येतं, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे. फराळाच्या सामानाची यादी कराल तेव्हा तारीख त्याच कागदावर लिहून ठेवा.