रामटेक पायी : पाय गडासाठी राखा

नागपूर ते रामटेक 50 किलोमीटरच्या आसपास. त्रिपुरी पौर्णिमेला आम्ही हे अंतर दोन दिवसांत चालतो. खरी चढण शेवटी, राममंदिराच्या गडाची आहे आणि निम्म्या लोकांचे पाय कामठी रोडवरच संपतात.

पहाटे चारला निघायचं. कामठी, मग कन्हानचा पूल. या पट्ट्यात कोळशाचे ट्रक फार, म्हणून उजव्या कडेनं, समोरची गाडी दिसेल असं चालायचं. नवे बूट घरीच ठेवा. सुती मोज्यांचे तीन जोड घ्या, दर दोन तासांनी बदला. ओल्या मोज्यात कातडी घासते, त्यातूनच फोड येतो. चुरचुरलं की तिथंच बसून पट्टी लावायची. ‘पुढच्या गावी बघू’ म्हणणारा दुसऱ्या दिवशी एसटीत दिसतो.

मनसरला महामार्ग सुटतो. तिथल्या हिडिंबा टेकडीवर उत्खननात निघालेलं, वाकाटक या प्राचीन राजघराण्याच्या काळातलं विटांचं बांधकाम आहे. परतताना बघा.

गडाच्या पायथ्याशी अंबाळा तलावावर पाय धुवा, पण पाण्यात सोडून बसू नका. भिजून मऊ झालेली कातडी पायऱ्यांवर सोलते. नारळ-प्रसाद पिशवीत, पिशवीचं तोंड बांधलेलं. वानरांना हातातला नारळ लांबून दिसतो.

गडावर वराहापाशी थांबाच. एका शिळेतला लाल दगडाचा अवाढव्य वराह. त्याच्या पोटाखालून सरपटत निघायचं. पापी अडकतो म्हणतात. आमच्या पाहण्यात अडकतात ते पाठीवर सॅक ठेवून घुसणारे. सॅक उतरवा, एक खांदा पुढे घाला, अंग तिरपं करा.

पुढं आधी लक्ष्मणाचं मंदिर, त्यामागं रामाचं. ही वाट किती जुनी? वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताचा ऋद्धपूरचा ताम्रपट ‘रामगिरिस्वामिनः पादमूलात्’, म्हणजे रामगिरीच्या स्वामीच्या पायाशी, दिलेला आहे. पाचव्या शतकातली गोष्ट. रामगिरी म्हणजे हीच टेकडी, असं इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं. गडावरच्या केवल नरसिंहाच्या देवळात त्याच घराण्याच्या काळचा शिलालेखही आहे. बहुतेक जण त्याच्याकडे न बघताच पुढं जातात.

रात्री त्रिपूर पेटतो तेव्हा गर्दी दाटते. उतरताना पायऱ्या टाळा, गाडीरस्ता धरा. लांब पडतो, पण गुडघे वाचतात. खाली उकडलेले शिंगाडे मिळतात. हातात जड लागेल तोच घ्या, हलका आतून पोकळ निघतो. आणि त्यावर रामटेकचं विड्याचं पान.