बॅरी इव्हान्स आणि आमचे इंग्रजीचे सर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्याचे निमंत्रण आले, तेव्हा बाकी साऱ्या आठवणी मागे सरल्या आणि इंग्रजीचे सर तेवढे डोळ्यांपुढे उभे राहिले. त्यांच्या मागोमाग आले ब्रिटिश नट बॅरी इव्हान्स, ‘माइंड युअर लँग्वेज’ या विनोदी दूरचित्रवाणी मालिकेत परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवणारे मिस्टर ब्राउन.

दहावीच्या वर्षी सर शनिवारी भाड्याचा व्हीसीआर चटईत गुंडाळून प्रयोगशाळेत आणत आणि ऐन हशाच्या जागी कॅसेट थांबवत. मालिकेतला शीख विद्यार्थी रणजीत सिंग ‘थाउजंड अपॉलॉजीज’ म्हणाला की आम्ही हसून लोळत असू. सर मात्र पडद्याजवळ जाऊन खडूच्या टोकाने इव्हान्स यांचा चेहरा दाखवत. समोरच्याचे भलतेच उत्तर ऐकून ब्राउन मास्तर क्षणभर थबकतात आणि आपले हसू त्या थबकण्यातून फुटते, हे सरांनीच आम्हाला दाखवले. त्या मालिकेत परदेशी माणसे साचेबंद रंगवली आहेत, हेही ते दर वेळी बजावत. तिचा हिंदी अवतार ‘जबान संभालके’ दूरदर्शनवर आला तो त्यानंतर, १९९३ मध्ये.

पुढे इव्हान्स यांच्याविषयी वाचले आणि सरांची थोरवी अधिकच कळली. १९४३ मध्ये गिल्डफर्डला जन्मलेले हे मूल आईवडिलांविना शाफ्ट्सबरी होम्स या संस्थेच्या अनाथालयांत वाढले. शाळेच्या नाटकांत प्रमुख भूमिका करणाऱ्या या मुलाचे अंग कोणीतरी वेळीच ओळखले, म्हणूनच तो इटालिया कॉन्टी या नाट्यशाळेत आणि १९६१ मध्ये जॉन गिलगुड शिष्यवृत्तीवर लंडनच्या सेंट्रल स्कूलमध्ये पोहोचला. १९६९ मध्ये ‘डॉक्टर इन द हाउस’ या मालिकेतल्या मायकेल अप्टनच्या भूमिकेने त्यांना घरोघरी नेले आणि १९७७ मध्ये ब्राउन मास्तरांनी थेट आपल्यापर्यंत. अशा गुणी नटाला पुढे कामे मिळेनाशी व्हावीत, टॅक्सी चालवावी लागावी आणि १९९७ मध्ये अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी जावे, याची हळहळ मला आजही वाटते.

मी वसतिगृहातला, वर्गात तोंड न उघडणारा मुलगा. स्नेहसंमेलनातल्या इंग्रजी प्रहसनात मास्तरांची भूमिका सरांनी मलाच दिली. तालमीत माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणत, “त्यांचे हसणे पुरते विरू दे, मग बोल.” प्रयोगाच्या दिवशी ते विंगेत उभे राहिले आणि प्रत्येक हशाला त्यांचा तळहात मला ‘थांब’ म्हणत राहिला. आज मी हौशी नाटके बसवतो, त्यांतल्या काहींना पारितोषिकेही मिळाली. नटांना मी सांगतो ते सरांचेच वाक्य असते.

सभागृहातला तो रंगमंच काढून तेथे संगणक कक्ष करण्याचा विचार असल्याचे ऐकले. कक्ष अवश्य व्हावा, परंतु तो दुसरीकडे बांधावा, त्यासाठी लागेल ती मदत आमची तुकडी करील. अबोल मुलाला एखाद्या शिक्षकाने उभे करावे, अशी ती एवढीच जागा शाळेत आहे.