बाभळीच्या मुळातला दगड

पटाशी खणकन वाजली आणि तिच्या धारेचा टवका उडाला. बाभळीत गाठ लागली तर हात अडखळतो, पण असा आवाज येत नाही. फुंकर मारून भुसा उडवला, तर आत काळा, गुळगुळीत दगड! मुठीएवढा, चहूबाजूंनी लाकडानं वेढलेला.

हे मूळ बीडजवळच्या बालाघाट डोंगररांगेतलं. पावसाळा सरला की मी कपिलधारच्या बाजूच्या डोंगरात भटकते. पुरानं ओढ्याचे काठ कापलेले असतात, बाभळी-बोरी मुळासकट आडव्या झालेल्या असतात. अभयारण्याच्या हद्दीतून मात्र वाळकी फांदीसुद्धा उचलायची नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिथलं पडलेलं लाकूडही जंगलाचंच आहे, आणि ते मला मनापासून पटतं. वाळवी, भुंगेरे, सरडे त्यावरच जगतात. हे मूळ एका शेतकऱ्याच्या बांधाला अडकलं होतं. त्यांना विचारून आणलं, नाहीतर चुलीतच जायचं. टोकांना मेण लावून सावलीत वाळवलं, कारण लाकडातलं पाणी टोकांकडून भराभर निघतं आणि चिरा तिथूनच सुरू होतात.

मुळाचा एक सोट ताठ, आणि वर भलामोठा फुगवटा. पहिल्याच दिवशी मला त्यात मोळी दिसली होती. दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातली गावंच्या गावं ऊसतोडीला जातात. तिथं डोक्यावर मोळी घेऊन, फळीवरून पाय रोवत ट्रकवर चढणाऱ्या बाया मी पाहिल्यात. त्यांच्यातलीच एक कोरत होते. मान, खांदे, वर धरलेला एक हात निघाला होता. मोळीची खालची बाजू साफ करताना दगड लागला.

शेजारच्या सुतारमामांना हाक मारली. त्यांचा जन्म बैलगाड्या आणि तिफणी करण्यात गेला. बाभळीबद्दल त्यांच्याइतकं कळणारं माणूस माझ्या माहितीत नाही. गाडीचं लाकूड ते आधी डोहात बुडवून ठेवत. पाण्यात लाकडातलं सत्त्व उतरतं, मग कीड लागत नाही. माझं मूळ ओढ्यात भिजत पडलेलं, म्हणून ते त्यांना पसंत होतं. दगड पाहताच म्हणाले, "काढ तो. लाकूड आखडतं, दगड न्हाई आखडत. उन्हाळ्यात फुटंल हे, माय."

त्यांचं खरं होतं. पण दगड काढायचा तर मोळी फोडावी लागणार. शिवाय भिंगातून पाहिलं, तर लाकडाच्या रेषा सरळ येऊन दगडापाशी वळलेल्या, त्याला वळसा घालून पुन्हा एक झालेल्या. बाभळीनं कित्येक वर्षं त्या दगडाभोवती वाढ केली होती. ते तोडायला माझा हात उठेना.

"मामा, मधे हे काळं काय आहे?" मी विचारलं. दगड आणि लाकूड यांच्यात एक मऊ थर होता. मामांनी नखानं खरवडला, वास घेतला. "साल हाय की." मग बराच वेळ मूळ हातात फिरवत राहिले. "चुंबळ घातलीया तिनं दगडाखाली. जागा हाय थोडी. पर पाठीमागून अजून मोकळं कर."

दिवसभर तेवढंच काम केलं. पाठीमागून अरुंद गोल पटाशीनं, मोगरीचा अगदी हलका ठोका देत, दगडाच्या कडेनं काडी जाईल एवढी फट कोरली. पावसाळ्यात लाकूड फुगेल, उन्हाळ्यात आखडेल, त्याला हलायला वाव हवा. सालीचा थर होता तसाच राखला. समोरून दगड अर्धा उघडा ठेवला. उसाच्या कांड्या कोरायचा बेत सोडून दिला. त्या बाईच्या डोक्यावर आता तेच ओझं आहे आणि मला ते उसापेक्षा खरं वाटतं. लाकडाला जवसाचं तेल दिलं, तर गाभा तांबूस-काळसर झळकला. दगडाला तेल लावलं नाही.

पहिल्या उन्हाळ्यात मोळीच्या वरच्या अंगाला केसाएवढी चीर पडली. मामांनी नख फिरवून पाहिलं आणि लाखेनं भरू नको म्हणाले, कारण पावसाळ्यात ती आपोआप मिटते. तशी मिटलीही. आता ओढ्यातलं कुठलंही मूळ घरी आणलं की करवत लावण्याआधी मी ते मोगरीनं सगळीकडून ठोकून पाहते, आणि आवाज बद्द आला तिथं खडूनं खूण करते.