फेकून दिलेला पहिला स्कॅन

रात्रीचे सव्वादोन वाजले होते. सिंक्रोट्रॉन म्हणजे प्रखर क्ष-किरण देणारं भलंमोठं यंत्र, आणि बीमलाइन म्हणजे तो किरण नमुन्यावर सोडायची जागा. त्या बीमलाइनवर मी आणि माझी पीएचडीची विद्यार्थिनी, दोघीच. किरणाची ऊर्जा हळूहळू वाढवत नमुन्यातलं तांबं तो किती शोषतं ते मोजायचं, अशी एक फेरी म्हणजे एक स्कॅन. स्क्रीनवर आठ स्कॅनच्या सरासरीचा आलेख होता आणि त्यात ८,९८४ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जवळ एक छोटासा उंचवटा. त्या उंचवट्यासाठी आम्ही आठ महिने प्रथिन शुद्ध करत होतो.

तांब्याच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतील, म्हणजे तो +२ अवस्थेत असेल, तर त्या जागी ठळक शिखर दिसत नाही. एकच गमावला असेल, म्हणजे +१ असेल, तर तिथे ठसठशीत शिखर येतं. आमचं प्रथिन नायट्राइट रिडक्टेज, जिवाणूंमधलं एक विकर. त्याच्या प्रत्येक उपघटकात तांब्याचे दोन अणू असतात. एक बाहेरून इलेक्ट्रॉन घेतो, तो सुमारे साडेबारा अँगस्ट्रॉमवरच्या (सव्वा नॅनोमीटरवरच्या) दुसऱ्याला देतो, आणि तिथे नायट्राइटचं नायट्रिक ऑक्साइड होतं. आम्ही या प्रथिनात एक बदल केला होता. त्यामुळे काही काम चालू नसतानाही त्यातलं थोडं तांबं +१ होऊन बसतं, असा आमचा अंदाज होता. उंचवटा दिसला आणि सहकाऱ्याने त्याच रात्री शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा पाठवून दिलं.

सिंक्रोट्रॉनवर वेळ अर्ज करून मिळतो. आम्हाला तीन दिवस मिळाले होते, आणि त्या तीन दिवसांत कोणी धड झोपत नाही. लोकांना वाटतं, यंत्र लावलं की मोजमाप होतं. खरं कसब नमुना भरण्यात असतं. सेल म्हणजे नमुन्याचा छोटासा साचा; त्यात शंभर मायक्रोलीटरच्या आतबाहेर द्राव, एका बाजूला कॅप्टॉनची (क्ष-किरण आरपार जाऊ देणाऱ्या प्लास्टिकची) टेप, सुई कोपऱ्यात टेकवून सावकाश भरायचं, बुडबुडा राहता कामा नये. द्रावात ग्लिसरॉल असावं लागतं. ते नसेल तर पाणी गोठताना बर्फाचे स्फटिक होतात, त्यांच्यावरून क्ष-किरण विवर्तित होतात आणि जर्मेनियम डिटेक्टरच्या एखाद्या चॅनलमध्ये काटे उभे राहतात. मग त्या चॅनलवर पाणी सोडावं लागतं. त्या रात्रीचा नमुना काचेसारखा गोठला होता, निळाशार. मला त्याचा फार अभिमान वाटला होता.

विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, सरासरी काढायच्या आधी एकेक स्कॅन वेगळा लावून बघू या का?"

मला राग आला होता. झोप नव्हती आणि हवं ते उत्तर समोर होतं. तरी तिने नऊही स्कॅन वेगवेगळ्या रंगांत एकावर एक लावले. नऊ, कारण सरासरीसाठी स्कॅन निवडताना पहिल्या स्कॅनवरची खूण मी सवयीने काढून टाकली होती. पहिल्या स्कॅनच्या वेळी डिटेक्टरची जुळवाजुळव चालू असते, म्हणून तो मोजायचा नाही, असं मला शिकवलं गेलं आणि मीही पुढे तेच शिकवत आले. तिने ती खूण परत लावली.

पहिल्या स्कॅनमध्ये उंचवटा नव्हताच. दुसऱ्यात पुसटसा होता, तिसऱ्यात त्याहून वर. नववा सगळ्यात उंच. जिन्याच्या पायऱ्या असाव्यात तसे आलेख एकावर एक चढत गेले होते.

मी नमुना दोन मिलिमीटर सरकवला, म्हणजे किरण ताज्या जागेवर पडावा. उंचवटा गायब. त्याच जागी तिसरा स्कॅन होईपर्यंत परत उगवला. किरणाच्या वाटेत अॅल्युमिनियमचे पत्रे घालून तो मंद केला, तर वाढही मंदावली. आता शंकेला जागा नव्हती. क्रायोस्टॅटमधून, म्हणजे नमुना अतिथंड ठेवणाऱ्या पात्रातून, सेल बाहेर काढला तेव्हा त्या निळ्या काचेत जिथे जिथे किरण पडला होता, तिथे विटलेली आडवी पट्टी दिसत होती. एक मिलिमीटर उंचीची, कडा अगदी सरळ.

+१ तांबं प्रथिनात नव्हतं. ते आम्ही तयार करत होतो. क्ष-किरण तांब्यापेक्षा कितीतरी जास्त शोषले जातात ते भोवतीच्या पाण्यात आणि ग्लिसरॉलमध्ये. शोषलेल्या एकेका फोटॉनमागे शेकडो इलेक्ट्रॉन सुटतात. हेलियमने १० केल्विनपर्यंत थंड केलेल्या नमुन्यात रेणू जागचे हलत नाहीत, पण इलेक्ट्रॉन हिंडतात आणि धातूपाशी जाऊन बसतात. तांबं तर इलेक्ट्रॉन घ्यायला टपलेलंच असतं, या प्रथिनात त्याचं कामच ते आहे.

मला सगळ्यात लागलं ते हे, की मला हे माहीत होतं. माझी सुरुवात पृष्ठभागांवरच्या कामातून झाली. क्ष-किरण फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपीत, म्हणजे क्ष-किरणाने उडालेले इलेक्ट्रॉन मोजायच्या पद्धतीत, वरचे जेमतेम दहा नॅनोमीटर दिसतात. तिथे कॉपर ऑक्साइड किरणाखाली फार वेळ ठेवलं की ९४० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढची सॅटेलाइट (मुख्य शिखराशेजारची छोटी) शिखरं हळूहळू मावळतात. तेही +२ तांब्याचं क्षपित होणंच, म्हणजे इलेक्ट्रॉन घेऊन खालच्या अवस्थेत येणंच. ते मी स्वतः पाहिलेलं आहे. प्रकाशसंश्लेषणातल्या फोटोसिस्टिम २ मधल्या मँगनीजचंही असंच होतं, हे २००५ मध्येच दाखवलं गेलं. स्फटिकाची रचना काढण्याइतके क्ष-किरण दिले की मँगनीजचे अणू क्षपित होतात. पुढे २०१५ मध्ये त्याची रचना क्ष-किरण लेसरच्या फेम्टोसेकंदांच्या, म्हणजे अतिशय छोट्या, स्पंदांनी काढली, ती इजा पोचायच्या आत मोजून मोकळं व्हायचं म्हणूनच.

सकाळी सहकाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "अगं, थोडंफार होतंच. सगळेच सरासरी काढतात." मी हे मान्य करणार नाही. निबंधांत 'नमुन्याला इजा झाल्याचं आढळलं नाही' असं एक वाक्य टाकून मोकळं होतात आणि मात्रेचा, म्हणजे नमुन्याने किती किरण शोषला याचा, आकडा देत नाहीत. मीही असं वाक्य लिहिलेलं आहे. सॉफ्टवेअरमध्ये सगळे स्कॅन एकत्र करायचं बटण सगळ्यात आधी डोळ्यात भरतं, आणि क्रमाने लावून बघायचं कुठेतरी आत दडलेलं असतं.

उरलेल्या नऊ तासांत आम्ही आलेखाचा पुढचा लांब भाग, ज्यावरून बंधांच्या लांब्या काढतात तो, मोजायचं सोडून दिलं. त्या लांब्या हातच्या गेल्या. फक्त एजचे, म्हणजे शोषण एकदम चढतं त्या भागाचे, छोटे स्कॅन घेतले. दर वेळी ताजी जागा, मंद किरण, प्रत्येक जागेवर तीनच स्कॅन, आणि त्यांवरून मागे जात मात्रा शून्य असताना काय दिसेल ते काढायचं. अकरा जागांवरून एकच उत्तर आलं. तांबं सगळं +२.

घरी आल्यावर मी जुन्या डिस्क उघडल्या. याच प्रथिनाच्या मूळ रूपावर आमचा एक निबंध छापून आलेला आहे, आणि त्यात +१ तांब्याचं प्रमाण दिलेलं आहे. तीन नमुन्यांपैकी एकात दुसऱ्यापासून सहाव्या स्कॅनपर्यंत तोच जिना दिसतोय. तिन्ही नमुन्यांचे पहिले स्कॅन फोल्डरमध्ये नाहीत. ते मीच पुसले होते.

सहलेखकांना पत्र लिहून पाच दिवस झाले. उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये त्या प्रथिनाच्या दोन नळ्या शिल्लक आहेत. एक सेल भरेल, म्हणजे दहाएक ताज्या जागा मिळतील. बीमटाइमचा अर्ज काल केला.