जिवाणू पाहण्यासाठी परवडणारा सूक्ष्मदर्शक निवडताना

घरी जिवाणू दिसतील असा, पण खिशाला झेपणारा सूक्ष्मदर्शक शोधायला लागले तेव्हा सगळीकडे एकच आकडा ठळक अक्षरांत दिसायचा : १२०० पट, १६०० पट, २००० पट. निवडीसाठी त्या आकड्याचा काहीच उपयोग नाही हे कळल्यावर माझं काम बरंच सोपं झालं.

मी सुरुवात जिवाणूच्या आकारापासून केली. आतड्यात राहणारा ई. कोलाय साधारण २ मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब आणि जाडीला त्याहून कमी. गोल स्टॅफिलोकोकस जेमतेम १ मायक्रोमीटरचा. एवढ्या वस्तूचा नुसता ठिपका न दिसता आकार कळायला हवा असेल, तर अर्ध्या मायक्रोमीटरहून जवळचे दोन बिंदू वेगळे दिसले पाहिजेत. ही क्षमता वस्तू किती पट मोठी दिसते यावर ठरत नाही. तिच्याकडून येणारा प्रकाश ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे नमुन्याजवळचं भिंग, किती रुंद कोनातून गोळा करतं, यावर ठरते. त्याचं माप म्हणजे न्यूमरिकल ॲपर्चर. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये मांडलेला हिशेब असा : तरंगलांबीला या ॲपर्चरच्या दुपटीने भागायचं. हिरवा प्रकाश ५५० नॅनोमीटरचा धरला, तर ४० पटीच्या ऑब्जेक्टिव्हला (ॲपर्चर ०.६५) सुमारे ०.४२ मायक्रोमीटरचा तपशील दिसतो आणि काचेवर तेलाचा थेंब टाकून वापरायच्या १०० पटीच्या ऑइल ऑब्जेक्टिव्हला (१.२५) ०.२२ चा. यापुढे २५ पटीची आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) लावून २५०० पट केलं, तर तेच चित्र मोठं आणि धूसर होतं, नवीन काही दिसत नाही. १० पटीची आयपीस आणि १०० पटीचं ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे १००० पट, एवढं मला पुरेसं होतं. संगणकाला जोडायचे छोटे डिजिटल सूक्ष्मदर्शक मी इथेच यादीतून काढले. किडे, पानं पाहायला ते छान, जिवाणूंसाठी नाहीत.

मग मी प्रत्येक सूक्ष्मदर्शकाच्या स्टेजखाली, म्हणजे काचपट्टी ठेवायच्या पाटाखाली, काय आहे ते बघू लागले, आणि माझ्या मते खरी निवड तिथेच होते. बऱ्याच स्वस्त सूक्ष्मदर्शकांत तिथे फक्त भोकांची फिरती चकती असते. जिवाणू जवळजवळ पारदर्शक असतात. त्यांच्यावर पडणारा प्रकाश हवा तसा आवरता आला नाही, तर उत्तम ऑब्जेक्टिव्हखालीही पांढरा उजेडच दिसतो. मला वरखाली करता येणारा, आयरिस डायफ्रॅम (लहानमोठं करता येणारं भोक) असलेला आबे कंडेन्सर, म्हणजे नमुन्यावर प्रकाश एकवटणारं भिंग, हवा होता. न रंगवलेला नमुना असेल तर आयरिस थोडा मिटायचा, म्हणजे कडा उठून दिसतात. तपशील थोडा कमी होतो, पण निदान काही दिसतं तरी! मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाने रंगवलेली काचपट्टी असेल तर आयरिस उघडायचा.

बाकीचे निकष पटकन ठरले. काचपट्टी स्क्रूने सरकवणारं मेकॅनिकल स्टेज हवंच, कारण १००० पटीला बोटाने सरकवलेली पट्टी नजरेतून कुठच्या कुठे जाते. फोकस अगदी बारीक सरकवणारा फाइन फोकस हवा. ऑइल ऑब्जेक्टिव्ह आणि काच यांच्यात मिलिमीटरचा अंशच उरतो, म्हणून त्याचं टोक स्प्रिंगवर आत दबणारं असावं. दोन आयपीस डोळ्यांना सुखाच्या, हे खरं, पण मी एकच आयपीस पत्करली आणि ते पैसे कंडेन्सर व ऑब्जेक्टिव्हकडे वळवले.

शेवटी मी प्रयोगशाळेत वापरलेला जुना सूक्ष्मदर्शक घेतला. तेवढ्याच पैशांत नव्यापेक्षा जुना प्रयोगशाळेचा बरा, असं माझं ठाम मत झालं आहे. घेण्याआधी ऑब्जेक्टिव्ह काढून उजेडात धरलं आणि बुरशीचे धागे शोधले. फाइन फोकस पूर्ण फिरवून पाहिला, कारण सुकलेल्या ग्रीसमुळे तो अडकतो. ऑब्जेक्टिव्हवर १६०/०.१७ असं कोरलेलं होतं : नळीची लांबी १६० मिलिमीटर आणि नमुन्यावर ठेवायच्या पातळ काचेची, म्हणजे कव्हरस्लिपची, जाडी ०.१७. त्यामुळे पुढे एखादं बदलावं लागलं तर जुळणारं मिळणं सोपं.

पहिला नमुना दातांवरच्या किटणाचा. स्वतः सूक्ष्मदर्शक बनवणारे डच निरीक्षक लेवेनहुक यांनी १६८३ मध्ये असंच किटण पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं होतं, म्हणून मला तोच हवा होता. किटण पाण्याच्या थेंबात मिसळून कव्हरस्लिप ठेवली आणि आधी ४० पटीखाली फोकस साधला. मग इमर्शन ऑइलचा थेंब टाकून १०० पटीचं ऑब्जेक्टिव्ह फिरवून आणलं. या तेलाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो याचं माप) काचेइतकाच, सुमारे १.५१५, म्हणून हवेत वाकून निसटणारा प्रकाशही ऑब्जेक्टिव्हपर्यंत पोचतो. गोल दाणे, काड्या, लांब तंतू दिसले, आणि मी कितीतरी वेळ डोळा काढलाच नाही! जागच्या जागी थरथरणारे कण म्हणजे ब्राउनी गती, पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी होणारी, ते निर्जीवही असू शकतात. एका दिशेने सरळ जाऊन वळणारा मात्र पोहतोय.

अनोळखी जिवाणू पोषक द्रव्याच्या प्लेटमध्ये वाढवायचं मी टाळते. एरवी विरळ असलेले रोगकारकही तिथे भरमसाट वाढू शकतात. किटण आणि डबक्याचं पाणी यांत पाहण्यासारखं भरपूर आहे. पाहून झालं की तेल लेन्स पेपरनेच टिपते आणि तेलाच्या थेंबावरून ४० पटीचं ऑब्जेक्टिव्ह कधी फिरवत नाही. कुणाचे पैसे कमी पडत असतील तर चांगला कंडेन्सर आणि ०.६५ चं ४० पटीचं ऑब्जेक्टिव्ह एवढ्यावर सुरुवात करावी. मोठे जिवाणू त्यातही हलताना दिसतात, १०० पटीचं नंतर लावता येतं.